हळू बोला, बाळ ऐकतंय!

प्रसूतिगृहात दोन गोष्टींचा ढीग कधी संपत नाही. एक धुवायच्या दुपट्यांचा आणि दुसरा किश्शांचा! दुपटी निदान दोरीवर वाळत घालता येतात, किस्से कुठे घालणार? मग तुम्ही मंडळी चहाला जमलात की मी सुटते. आज मात्र एकच विषय. कान!

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पनवेलात आमच्या डॉक्टर केळशीकरांचं प्रसूतिगृह होतं आणि मी तिथली नर्स. डॉक्टर म्हणजे देवमाणूस, पण काही नवीन वाचलं की आख्खं गाव वेठीला! एकदा विलायतेहून त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. पोटातल्या बाळाचा आतला कान पाचव्या महिन्याच्या सुमारास तयार होतो आणि पुढे सहाव्या-सातव्यात बाळ चक्क ऐकायला लागतं, असं त्यात होतं. झालं! व्हरांड्यात कानाचं हे एवढं मोठं चित्र लागलं आणि डॉक्टर ओठांवर बोट ठेवून बायकांमधून फिरायला लागले. "हळू बोला, बाळ ऐकतंय!"

पहिल्याच दिवशी गव्हाणची एक आगरी म्हातारी सुनेला घेऊन आली. चित्रातल्या त्या वेटोळ्यावर बोट ठेवून मला विचारते, "बाय, यो शंख हाय का?"

"शंख नाही हो आजी, बाळाचा आतला कान आहे. प्रत्येकाला असतो."

म्हातारीने सुनेच्या पोटाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "तरीच! मी बोल्ते, पोर भरतीच्या येलेलाच कशाला लाथा मारतंय!"

सगळा व्हरांडा हसला. एक सुमन तेवढी हसली नाही.

सुमन तांबट आळीतली सून, पहिलटकरीण. तांबट आळीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तांब्यावर हातोडा चालायचा, ठण ठण ठण. तिथला माणूस तिशीत अर्धा बहिरा व्हायचा आणि पन्नाशीत पुरता. सुमनची सासू ठार बहिरी. नवरा विठू ऐन पंचविशीतला, पण मागून हाक मारली तर वळायचा नाही. सुमन डॉक्टरांना म्हणाली, "ऐकू येतं म्हणता, मग आतल्या आत कान बिघडतही असतील ना हो? माझं बाळ जन्मायच्या आधीच बहिरं झालं तर?"

डॉक्टरांचं ओठांवरचं बोट खाली आलं. "पोटातल्या पाण्यातून जाताना आवाज बराच मऊ होतो. घाबरू नकोस," असं म्हणाले खरे. पण ती गेल्यावर पुस्तक उलटसुलट चाळत बसले. आता विलायतेच्या पुस्तकात तांबट आळी कुठून सापडायची?

*

बाळ ऐकतं म्हटल्यावर आमच्या सासू-सुनांना तर आयतंच मैदान मिळालं! बाजारपेठेतल्या एका घरी दोघींचा अबोला होता. आता सासू सुनेच्या पोटाशी वाकायची आणि म्हणायची, "बाळा, तुझ्या आईने आजही आमटी खारट केली बरं का!"

सून पोटावर हात फिरवत म्हणायची, "बाळा, आजीने दोनदा वाढून घेतली, तेही लक्षात ठेव हो!"

तीन महिने हा कार्यक्रम चालला. तपासणीला आल्या तरी माझ्यासमोर तेच. शेवटी एकदाची सून बाळंत झाली. मूल मीच हातात घेतलं. देवाशपथ सांगते, पोरगं दोन्ही कानांवर मुठी दाबून बाहेर आलं!

*

शाळेतले एक मास्तर होते. त्यांनी ठरवलं की, पोर जन्माला येईल ते पाढे पाठ करूनच. रोज जेवण झालं की बायकोला आरामखुर्चीत बसवायचं आणि पोटासमोर उभं राहून एकोणतीसचा पाढा! डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं, "अहो, शब्द नाही कळत आत. चाल तेवढी पोचते." मास्तर म्हणाले, "चाल बसली की आकडे आपोआप येतात!"

मुलगा झाला. रडून रडून वॉर्ड डोक्यावर घेतला त्याने. मास्तर आले, छाती काढून उभे राहिले आणि सुरू झाले, "एकोणतीस एके एकोणतीस..." एकोणतीस चोकपर्यंत पोरगं गाढ झोपलेलं!

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, "बघितलंत सिस्टर? पाढा ओळखला त्याने! माझ्या वर्गातली मुलंही अगदी अशीच झोपतात."

*

इकडे सुमनच्या जिवाला काही चैन नाही. माहेर सुकापूरला, शांत, पण आई नव्हती, तिथे तिचं करणार कोण? शेवटी बिचाऱ्या विठूने हातोड्याला कापड गुंडाळलं. आवाज गेला, पण त्याबरोबर हंड्यावरचे ठोकेही गेले. गिऱ्हाईक हंडा फिरवून फिरवून बघतं आणि म्हणतं, "गुळगुळीत? मठारलेला नाही तो हंडा कसला? आम्ही काय मुलीला लग्नात असला द्यायचा?" एक हंडा खपेना. कापड सोडावं लागलं.

मग सुमनने काय करावं? ऐन वैशाखात कमरेभोवती रजई बांधून तपासणीला आली! वर सुतळीच्या गाठी. घामाने नुसती निथळत होती. डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन बाळाचे ठोके शोधतायत आणि हाताला लागतोय कापूस!

मी म्हटलं, "अगं बाई, बाळाचे कान वाचतील, पण तू उकडून मरशील!" तेव्हा कुठे ती रडली. म्हणाली, "सिस्टर, घरात मी कुणालाही हाक मारली तरी कुणी ओ देत नाही हो. निदान पोटच्या पोराने तरी द्यावी." गाठी मीच सोडवल्या.

*

उरणकडचा एक कोळी होता, बाळू तांडेल. त्याचा आवाज असा की, एका होडीतून ओरडला तर दुसऱ्या होडीतला जाळं सोडून देईल. तो डॉक्टरांना म्हणाला, "मी म्हयनाभर दर्यावर आसतू. माझा आवाज पोराला कसा कलंल?"

डॉक्टर खुशीत येऊन म्हणाले, "जाड आवाज आत चांगला पोचतो. बोला की!"

बाळूला घरातल्यासारखं बोलणं माहीतच नव्हतं. बायकोला फाटकाशी उभी केली, आपण दहा पावलं मागे गेला, तोंडाशी हात धरले आणि जो काही ओरडला, "आरं ए पोरा! मी तुजा बापूस हाय!"

झाडावरचे कावळे उडाले. व्हरांड्यात एक बाई बसली होती, दिवस भरून वर आठवडा झाला तरी कळा येत नव्हत्या. तिला जागच्या जागी कळा सुरू झाल्या! बाळू ओशाळला. पण डॉक्टर त्याचा हात धरून विचारतात, "पुढच्या सोमवारी येता का? अजून दोघी अडल्यायत."

*

आणि मग सुमन बाळंत झाली. मुलगी. नाकीडोळी नीटस, पण जन्मल्यापासून जी रडायला लागली ती थांबेचना. आम्ही टाळी वाजवली, घंटा वाजवली, ताट बडवलं. इकडे बघणं नाही की दचकणं नाही. डॉक्टरांनी मास्तरांना बोलावलं. एकोणतीसचा पाढा झाला. शेजारची दोन बाळं झोपली, ही रडतेच आहे! बाळू तांडेलला बोलावलं. तो खिडकीतून ओरडला, तशी वॉर्डातली सगळी बाळं रडायला लागली. ही आधीपासूनच रडत होती, त्यामुळे निकाल काही लागेना.

सासूने नातीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आमच्यातलीच आहे." सुमनने भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवणाचं ताट तसंच परत गेलं. डॉक्टरांनी तर व्हरांड्यातलं कानाचं चित्रच उतरवून ठेवलं.

विठूला बायकोपासून हलवेना आणि गिऱ्हाईक तर हंड्यासाठी अडून बसलेलं. शेवटी अर्धा हंडा घेऊन तो आमच्या अंगणातच चिंचेखाली बसला आणि लागला ठोकायला. ठण ठण ठण. मी तावातावाने बाहेर निघाले, म्हटलं हे काय प्रसूतिगृह आहे की कारखाना? आणि दारातच थांबले. वॉर्डात रडणं बंद!

वळून बघते तर पोरीने मान खिडकीकडे केलेली. डोळे टक्क उघडे.

सुमन धडपडत खिडकीशी गेली. हसतेय काय, रडतेय काय! विठूने वर बघितलं, त्याला वाटलं काहीतरी विपरीत झालं. त्याने हातोडा टाकला. तशी पोरीने परत भोकाड पसरलं! दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या वॉर्डातल्या सगळ्या बाळंतिणी एका सुरात ओरडल्या, "अरे, ठोक रे बाबा, ठोक!"

एवढं मात्र विठूला ऐकू आलं.

तो ठोकत राहिला. पोरगी हळूहळू पेंगली, झोपली. हंडा पुरा झाला. आता काय ठोकायचं? तोवर डॉक्टर धावत घरी गेले आणि न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ उचलून घेऊन आले. "विठू, थांबू नकोस, हे घे!"

मागून त्यांची बायको पदर सावरत धावत आली. "अहो, ते माझ्या माहेरचं घंगाळ आहे!"

विठूचा हातोडा घंगाळावर पडायला लागला होता. ठण ठण ठण. सगळं आवार दणाणत होतं. डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि बायकोला दटावलं, "शूऽऽ! हळू बोल ना, बाळ झोपलंय!"