साडीच्या खोक्याआडचा फासा

दिनेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबोलीला कंटेनरच्या रांगेत अडकलो होतो. पलीकडे आमचा दोस्त इरफान रडत होता, आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आता शेवटचं प्रकरण राहिलं... जिवलग मित्र बसल्या जागी हृदयविकारानं गेला आणि मला खेळाची पडली होती. सांगायला लाज वाटते, पण त्याच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

खेळ म्हणजे गोष्टीचा खेळ. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातले महानायक व्हायचं, आणि बाका प्रसंग आला की काय घडलं ते फाशानं ठरवायचं. त्यासाठी तयार साहसकथांची छापील पुस्तकं मिळतात. असंच एक जुनं इंग्रजी पुस्तक दिनेशला रद्दीवाल्याकडे सापडलं. मुखपृष्ठावर जहाज उचलणारा उडता माणूस, आणि आत पहिल्याच पानावर ताकीद : खेळाडूंनी यापुढे वाचू नये. ती ताकीद दिनेशनं आम्हाला कडक सोवळ्यासारखी पाळायला लावली. पुस्तकातलं परदेशी बंदर त्यानं उचलून न्हावा शेव्याला आणलं, गोदामं कळंबोलीच्या लोखंड बाजारात हलवली, आणि समुद्र गोठवायला निघालेला खलनायक मिठागरावर आणून सोडला. दिनेशचं बालपणच मिठागराच्या बांधावर गेलेलं. तो सांगू लागला की आमच्या पायांना चिखल लागायचा.

रविवारी दुपारी खांदा कॉलनीतल्या त्याच्या घरी आम्ही जमायचो. मी, इरफान आणि दिनेशची मुलगी मनवा. दिनेश पुढ्यात साडीच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करायचा आणि जीवनमरणाचे फासे त्याच्या आड टाकायचा. गोष्ट चालवणाऱ्याला तेवढी मुभा असते. त्याच्या मागे दिवाणावर सुरेखावहिनी वाल सोलत बसलेल्या असत. माझ्या नायकाचं नाव पोलादराव. मागचापुढचा विचार न करता मी त्याला कुठेही घुसवायचो. पुठ्ठ्याआड फासा पडायचा. दिनेश चष्मा काढून शर्टाच्या टोकानं सावकाश पुसायचा आणि म्हणायचा, “वाचला.” मी टेबलावर थाप मारायचो. त्याचं ते चष्मा पुसणं मला नाटक वाटायचं, उत्कंठा वाढवायला केलेलं.

मधे माझी बंदरावरची नोकरी गेली. पनवेलच्या बाजारात कुणी ओळखीचं दिसलं की मी गल्ली बदलायचो. घरी तर तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. रविवारी मात्र मी पोलादराव असायचो. पुढे दुसरी नोकरी लागली, पण रविवारचा माज उतरला नाही, उलट चढला. एकदा मनवाच्या देखत मी त्याला म्हणालो, “तुझे खलनायक सगळे लिंबूटिंबू. तुला गोष्ट चालवताच येत नाही.” दिनेश नुसता हसला. म्हणाला, “तू लय भारी हायस, त्याला मी काय करू?”

तेराव्यानंतर भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी ते पुस्तक आणि पुठ्ठा माझ्या हातात दिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “माझ्या पोलादरावाला मारणं शेवटपर्यंत जमलं नाही त्याला.”

वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुमचा पोलादराव कितींदा तरी मेलाय. मी मागं बसायची ना, मला फासा दिसायचा. तुमची नोकरी गेली तवापासून. मी त्यांना इचारलं, असं खोटं का बोलता? तर म्हनाले, त्याला एका तरी ठिकानी जिंकू दे.”

मला आधी रागच आला. माझी कीव करणारा हा कोण? घरी येऊन ताकिदीची पानं उलटली. बर्फात एकटा शिरणाऱ्या नायकाच्या फाशावर तिनापेक्षा कमी पडलं तर तो मरतो, असं तिथं स्वच्छ छापलं होतं. मी तर प्रत्येक वेळी एकटाच शिरलो होतो. मग कान तापले. ज्याच्या भिकेवर मी वाघ होतो, त्यालाच मी गोष्ट चालवता येत नाही म्हणून सुनावलं होतं, तेही त्याच्या पोरीसमोर. आणि आता माफी मागायला तो नाही.

गेल्या रविवारी मनवानं बोलावलं. “काका, शेवटचं प्रकरण संपवू या. बाबांच्या जागी तुम्ही बसा.” मी खेळवणार म्हणजे पोलादराव तिच्याकडे गेला. इरफान होताच. वहिनी दिवाणावर बसल्या, पण आज हातात काही नव्हतं. खेळ रंगला आणि मनवानं माझ्यासारखंच केलं, पोलादरावाला एकट्याला बर्फात घातलं. मी पुठ्ठ्याआड फासा टाकला... एक पडला. पोलादराव मेला होता. बापाला जाऊन महिना होतो न होतो, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“वाचला,” मी म्हणालो.

टेबलावर कुणी थाप मारली नाही. इरफान खाली मान घालून हसत होता. मनवाचे डोळे भरले होते.

“बाबापण खोटं सांगायच्या आधी चष्माच पुसायचे, काका.”

मी खाली पाहिलं. चष्मा माझ्या हातात होता आणि शर्टाचं टोक काचेवर. म्हणजे हिला ठाऊक होतं, इरफानला ठाऊक होतं, वहिनींना तर दिसतच होतं. इतके रविवार त्या टेबलाशी सगळे मिळून मला वाचवत होते, आणि थाप मी मारत होतो.

मी चष्मा डोळ्यांवर चढवला. पुठ्ठा तसाच उभा ठेवला आणि मनवाला म्हणालो, “पुढं सांग. तुझा पोलादराव आता काय करतो?”