नळभाऊंची उन्हाळझोप

नळभाऊ तहान लागली की आधी घड्याळ पाहायचे. आठला प्यायलेले पाणी दहापर्यंत पुरलेच पाहिजे, असा त्यांचा स्वतःपुरता नियम होता. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या टाकीची चावी त्यांच्याकडे असे. गावात घरे एकशे बारा. मे महिन्यात विहीर तळाला गेली की टाकीखालच्या नळावर दर घराला चार गुंड, म्हणजे चार हंडे, पाणी मिळायचे, आणि पाचव्या गुंडाला नाही म्हणणे ही नळभाऊंची नोकरी. बायका त्यांना काय काय म्हणायच्या ते शेजारी असल्याने मला रोज ऐकू येई. त्यातले लिहिण्यासारखे थोडे आहे.

"पाणी वाढत नाई जी," ते मला म्हणत. "मंग माणसं कमी करा लागते. मारता तर येत नाई. झोपवता येते."

हे त्यांना एका बेडकाने शिकवले. एका एप्रिलमध्ये गावची बोडी, म्हणजे शेतातले छोटे तळे, खोल करताना कमरेइतक्या कोरड्या मातीखालून एक बेडूक निघाला. ढेकळासारखाच दिसत होता. नळभाऊंनी त्याला बादलीत टाकला. वीस मिनिटांनी त्याने एक पाय हलवला.

"तीन महिने झाले बोडी आटून," नळभाऊ म्हणाले. "यानं एक गुंड मागतला नाई." एवढ्या आदराने ते सरपंचाबद्दलही बोलत नसत.

त्यांचा हिशेब सरळ होता. एक मे ते मृग अर्धे गाव झोपले, तर जागत्या घराला आठ गुंड. मी ताडून पाहिले, गुणाकार बरोबर होता. अस्वल थंडीत झोपते असे शाळेच्या पुस्तकात वाचून त्यांनी भामरागडकडे वनरक्षक असलेल्या साळ्यालाही विचारून घेतले. त्याने सांगितले की इकडचे अस्वल थंडीत बोरे खाते, उन्हाळ्यात मोहफुले खाते आणि बाराही महिने हिंडते. नळभाऊ खट्टू झाले. "आपल्या अस्वलाले सवलत आहे, तरी घेत नाई."

गावाला सांगण्याआधी स्वतः झोपून पाहायचे त्यांनी ठरवले. नोंदी माझ्याकडे आल्या, कारण मी घरच्या विजेचे मीटर रोज वहीत लिहितो. पंधरा दिवस त्यांनी भातासोबत मोहफुले खाल्ली. रेशन दुकानाच्या काट्यावर पावणेतीन किलो वाढले. मग मागच्या मातीच्या खोलीत, अंगाला बोडीची चिकणमाती लावून, ते आडवे झाले. माती लावली त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी. "लग्नात हळद लावली, आता चिखल," त्या म्हणाल्या आणि हात धुऊन टाकीची चावी कमरेला खोचून गेल्या.

पहिल्या दिवशी मिनिटाला सतरा श्वास. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी बारा, त्यात एक घोरणे. ते मी वेगळे लिहिले. रोज एक वाटी पेज चालेल असे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते.

"बेडूक पेज पीत नाही," मी म्हणालो.

"बेडकाची बायको पेज देत नाई," ते डोळे मिटून म्हणाले.

चौथ्या सकाळी साडेसहाला ते ताडकन उठून बसले. "आवाज काऊन नाई? पाणी संपलं का?"

आणि लुंगीवर टाकीकडे धावले. अंगावरून मातीच्या खपल्या पडत होत्या. मागे मी, वही घेऊन.

रांग शांत होती. सुमनबाई ओल्या बाळंतिणीच्या घराला सहा गुंड देत होत्या, दोन म्हाताऱ्यांच्या घराला दोनच. कोणी कुरकुरत नव्हते. शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचले.

"अजी नळभाऊ, उठले काऊन?" एक बाई ओरडली. "झोपा ना अजून पंधरा दिवस!"

सगळी रांग हसली. नळभाऊंनीही हसून पाहिले, पण जमले नाही. परत येताना त्यांनी विचारले, "बावीस वर्षं मी पाणी चुकीचं वाटलं का जी?"

"नाही. सगळ्यांना सारखे होते."

"सारखं होतं," ते म्हणाले. "म्हनूनच भांडत होत्या."

चावी त्यांनी पुन्हा घेतली नाही. ग्रामपंचायतीने कागदावर सुमनबाईंचे नाव चढवले. दर उन्हाळ्यात नळभाऊ सकाळी टाकीजवळच्या दगडावर बसत आणि कोणाची बारी आली ते सुमनबाईंना सांगत. झोपेवरची श्रद्धा मात्र सुटली नाही. "माणूस झोपू शकते," ते म्हणत. "फक्त गाव शांत पायजे. आन् गाव शांत झालं की जाग येते. एवढीच अडचन."

त्यानंतरच्या तिसऱ्या मे महिन्यात ते पहाटे झोपेतच गेले. सुमनबाईंनी नळ वेळेवर सोडला, शेवटचे घर भरू दिले आणि मग सांगितले.

"बाई, झोपले तर नसतीन?" बायकांमधून कोणी विचारले. कोणी हसले नाही. सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी आत जाऊन पाच मिनिटे श्वास पाहिला. बाहेर येऊन नाही म्हणालो.

त्यांच्या घरात त्या दिवशीचे पाणी दोन गुंड. शेवटच्या अंघोळीला ते पुरणार नव्हते. कोणी काही न ठरवता बायका आपापल्या गुंडातून एकेक लोटा दारातल्या ड्रममध्ये ओतून गेल्या. मी मोजले. एकशे आठ लोटे. त्यांचे घर सोडले तर तीन घरे मुलचेऱ्याला लग्नाला गेली होती. ती माणसे दुसऱ्या दिवशी परतली आणि एकेक लोटा घेऊन दारात आली. सुमनबाईंनी तो ओतून घेतला.