भाऊ उत्तर सांगायचा नाही

भाऊ दवाखान्यात होता. तेव्हाच त्याच्या भागीदाराने क्लासचं कुलूप बदललं. आठवड्याच्या आत भाऊ गेला.

सेनगावात खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्या दोघांचा कॉम्प्युटर क्लास होता. पोरं टायपिंग शिकायला यायची आणि भाऊ त्यांना कोड्यांच्या गेममध्ये गुंतवायचा. गोळ्या झाडायच्या गेमला तो हात लावत नसे.

कोड्यांच्या गेममध्येही तो दोन तऱ्हा मानायचा. एकीत ओसाड बेट, चिटपाखरू नाही, नुसती यंत्रं आणि बंद दारं. दुसरीत भेटेल त्याच्याशी गप्पा मारायच्या. दोरी, चमचा, कोंबडी, दिसेल ते खिशात कोंबायचं आणि कुठे काय चालतं ते बघायचं. मला बेट आवडायचं. भाऊ हसायचा. "तुला माणसं नकोच असतात. अगं, त्या बेटावर रुसायला तरी कोण हाय?"

पाऊल चुकलं की जीव घेणारे गेम मात्र आम्हा दोघांनाही नकोसे. "मेलं की डाव खलास. अडकलं की डोकं चालतं," तो म्हणायचा.

उत्तर तो कुणालाच सांगायचा नाही. पोरगं रडकुंडीला आलं की "खोलीत काय काय हाय, पुन्हा बघ" एवढंच. पण तेवढं सांगायचाच. लाइट गेली की पोरं जिन्यावर बसून त्या एका वाक्यावर भांडत.

क्लास चालायचा तो भाऊने स्वतः लिहिलेल्या धड्यांवर. त्या फाइलला त्याने पासवर्ड लावला होता. दवाखान्यात त्याने तो मला सांगितला. जन्मात पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं.

तेराव्यानंतर भागीदार घरी आला. क्लासच्या पाटीवरचं भाऊचं नाव तोवर त्याने पुसलं होतं.

"ताई, एक शब्द तर पायजे. काहून तकलीफ देऊन राहिल्या? लेकरांचं नुकसान हाय."

"कुलूप बदलताना लेकरं आठवली न्हाईत?"

तो म्हणाला, "बरं, हिंट तरी द्या."

"न्हाई."

भाऊने त्यालाही हिंट दिली असती. मी भाऊ नाही. भागीदार पुढेही येत राहिला. दर वेळी मी त्याला चहा दिला, कप रिकामा होईपर्यंत विनवण्या करू दिल्या आणि दारापर्यंत पोचवलं. मला ते आवडायचं.

क्लास बंद पडला. खाली खताचं दुकान चालू आहे. पासवर्ड मला पाठ आहे.