देशी बागेतलं 'तण'

सोलापूरकरांनो, आज सकाळी आपल्या शहरातली नवी 'देशी वनस्पती बाग' बघून आलो. तुम्हीपण जाऊन या, हसायला पैसे लागत नाहीत.

दारातच गुलमोहर, त्याला चकचकीत पाटी: 'आपला देशी वृक्ष'. मादागास्करहून आलेलं झाड आपलं कधी झालं, देव जाणे! पुढं निलगिरी, तिलाही तीच पाटी. ऑस्ट्रेलिया बहुतेक आपल्याच तालुक्यात आलंय.

कोपऱ्यात बागकाम करणाऱ्या लक्ष्मीबाई पिवळ्या फुलांनी भरलेला तरवड मुळासकट उपटत होत्या. कुणी न लावता, पाणी न घालता आपल्या माळावर उगवणारा तरवड!

"मावशी, हे कशाला उपटताय?"

"साहेब म्हणले, तण हाय, काढा. आमी तेलुगू लोक ह्याला तंगेडू म्हणतो. ह्याच्या फुलाशिवाय नवरात्रात आमची बतुकम्मा, फुलांची देवी, मांडत न्हाईत. पण साहेबाला कोण सांगणार?"

"मग हितं काय लावणार?"

"पाम हाय म्हणं."

तेवढ्यात बागेचे साहेब आलेच. मी म्हणालो, "अहो, तरवड आपला देशी आहे." साहेबांनी नाक मुरडलं. "असेल, पण लई रानटी दिसतंय हो."

मग लक्ष्मीबाईंना म्हणाले, "मावशी, फुलं तेवढी टाकू नका. पिशवीत भरून माझ्या गाडीत ठेवा. घरी घट बसलेत, तरवडाची माळ लागते."

म्हणजे देवीला चालतो, देशी बागेला चालत नाही!

तुमच्यापैकी कुणाच्या घरी घटाला गुलमोहराची माळ घालतात का? असेल तर फोटो टाका. मी जाऊन त्या पाटीला हार घालतो.