मिस्त्री नको, खुंटी आण!

सुतारकामाच्या शेडमध्ये भुसा आणि किस्से रोज साठतात. भुसा संध्याकाळी झाडून बंबात घालता येतो. किस्से कुठं घालणार? ते डोक्यात राहतात, आणि माझ्या डोक्यातले बहुतेक असे आहेत की आठवले की अजून कानशिलं तापतात. बायको म्हणते, "इतकी वर्षं झाली, सोडा की आता!" नाही सोडत! तुम्ही चहा घेत बसलाच आहात, तर ऐका.

नळदुर्गात हैदराबादच्या रस्त्याला लागून आमच्या मालकांची शेड होती. आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला होता, नवी नवी ऑफिसं उघडत होती, आणि ऑफिस म्हटलं की टेबल, खुर्ची, कपाट आलंच. शेडमध्ये आम्ही चौघं. काशिनाथ मिस्त्री, साठीला टेकलेले, गाव तामलवाडी. आठवडाभर शेडमध्येच राहायचे. ऑइल इंजिन सांभाळणारे लतीफभाई. मालकांचा भाचा सुधाकर, ज्याचं मुख्य काम मालकांचा भाचा असणं हे होतं. आणि मी, गणपत, अर्धा मिस्त्री.

* * *

एके दिवशी ट्रकमधून मशीन उतरलं. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, आणि इंजिनाच्या पट्ट्यावर ते गरगर फिरणार. मालकांनी नारळ फोडला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, तुमची करवत आता माळ्यावर टाका! तुमचं महिन्याचं काम हे एका दिवसात करतंय!"

तीस वर्षं ज्या माणसाच्या हातावर शेड चालली, त्याला हे!

मिस्त्री पुढं झाले. मशीनभोवती एक चक्कर मारली, बंद पात्याच्या दाताला नख लावलं आणि विचारलं, "मालक, हे लाकूड किती खातंय?"

"मशीन काय लाकूड खातंय व्हय!" मालक पोट धरून हसले. सुधाकर त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी स्वतः पेन्सिल घेतली. एका लांब फळीला सहानं भागून माप काढलं आणि दर कापानंतर तेच माप नव्यानं घेत एकेक तुकडा मशीनवर कापला. शेवटचा तुकडा चांगला अर्धा इंच आखूड निघाला. दर कापाला पातं आपल्या जाडीएवढं लाकूड भुसा करून टाकतं, ते मापात धरावं लागतं. हे कुठल्याही सुताराला कळतं. मालक मात्र सोलापूरच्या लाकूडवाल्याला शिव्या घालत बसले. फळीच आखूड दिली म्हणे!

लतीफभाई इंजिन पुसता पुसता म्हणाले, "खाया जी, मशीन ने खाया. मिस्त्री ने कलच पूछा था."

* * *

मग आले नव्या सरकारी ऑफिसचे साहेब. हे पुण्याकडचे. नवीन राज्य म्हणून त्यांची बदली इकडं झाली होती आणि त्याचा राग ते आमच्यावर काढायचे. येताना हातात रुमाल, जाताना हातात रुमाल. "तुमच्या भागात धूळ फार!" जशी काय आम्ही ती त्यांच्यासाठी मागवून ठेवली होती.

ऑर्डर मोठी होती. जुन्या मोडी-उर्दू कागदांचे गठ्ठे ठेवायला दोनशे पेट्या. अट एकच: कोपऱ्यात खिळा नको. खिळा गंजतो आणि कागद खातो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे फळ्यांच्या टोकांना दात कापायचे आणि एकमेकांत बसवायचे. आम्ही त्याला बोटांचा सांधा म्हणायचो.

साहेबांनी पुस्तक उघडलं. "याला जाड, वेगळं पातं लागतं. मुंबईहून मागवावं लागेल. या साध्या पात्यावर हे होणार नाही. आणि तुमच्या लोकांना तर..." पुढचं त्यांनी रुमालात बोलून घेतलं.

मिस्त्रींनी दोन दिवस मागितले. एक लाकडी गाडी केली, म्हणजे टेबलाच्या खाचांतून पुढंमागं सरकणारा पाट. तिच्यावर एक उभी फळी, आणि त्या फळीत, पात्याच्या शेजारी, शिसवाची काळी चौकोनी खुंटी. एक खाच कापली की ती खाच खुंटीवर बसवायची, की पुढची खाच आपोआप बरोब्बर अंतरावर. साधं पातं बारीक, म्हणून एका खाचेला तीन फेऱ्या: एक नुसती, मग मधे एक पातळ पट्टी घालून, मग दोन पट्ट्या घालून. पट्टीची जाडी पात्याएवढी.

ती खुंटी मात्र त्यांनी अख्खा एक दिवस घासली. घासायची, खाचेत घालून बघायची, परत घासायची. मी म्हणालो, "मिस्त्री, केसभर इकडंतिकडं चालंल की."

"केसभर एका दाताला, गणपत. धाव्या दाताला धा केस हुत्यात."

पहिली पेटी जोडली तेव्हा लाकडी हातोडीच्या तीन टिचक्यांत बसली. सांध्यात कागदही शिरत नव्हता!

साहेब पुढच्या आठवड्यात आले, पेटी उलटीसुलटी करून बघितली आणि पहिल्यांदाच रुमाल खिशात ठेवला. "कुणाची कल्पना?"

मिस्त्री हातभर अंतरावर उभे होते. मालक म्हणाले, "आपलीच, साहेब. डोकं चालवावं लागतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिस्त्रींनी गाडीवरचा भुसा फुंकला, बस.

* * *

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा असायची. पटाशा, रंधे, करवती मिस्त्री स्वतः तेल लावून पाटावर मांडायचे, अगदी वडिलांपासून चालत आलेल्या. त्या वर्षी मालकांनी मशीनला झेंडूचा हार घातला आणि पाट पायानं बाजूला सरकवला. पायानं! "ही भंगारं तिकडं कोपऱ्यात घ्या, फोटोत येत्यात."

फोटोग्राफर तुळजापूरहून आणला होता. मालक मशीनवर हात ठेवून उभे राहिले, सुधाकर शेजारी. आम्ही तिघं फोटोच्या बाहेर.

फोटो झाल्यावर मिस्त्रींनी पाट कोपऱ्यात नीट लावला, हात जोडले. मग उरलेलं कुंकू बोटावर घेऊन गाडीजवळ आले आणि त्या काळ्या खुंटीला एक टिकला लावला. मालकांना त्या दिवशी विचारलं असतं की मशीनवर खुंटी कुठं आहे, तर सांगता आलं नसतं. पैजेवर सांगतो!

* * *

आता जो किस्सा सांगतो त्यात माझंही तोंड काळं आहे.

निम्म्या पेट्या झाल्या होत्या. मिस्त्री दोन दिवस गावी गेले. मालकांच्या मनात आलं की पातं बोथट झालंय. सुधाकरनं ते काढून सोलापूरला नेलं, धार लावून आणलं. धार लावणाऱ्यानं दात दोन्ही बाजूंना जास्त फाकवले, म्हणजे पातं आता पहिल्यापेक्षा जास्त लाकूड खाणार. मिस्त्री परत आले तेव्हा कुणी त्यांना सांगितलं नाही. मालकांनी नाही, सुधाकरनं नाही.

आणि मीही नाही. मला माहीत होतं. सुधाकर म्हणाला होता, "मामा सांगतील." मी म्हटलं, सांगतील.

चाळीस पेट्यांच्या फळ्या कापून झाल्या. जोडायला घेतल्या तर सगळ्या सांध्यांत फटी! पेटी हलवली की खुळखुळ वाजायची. मिस्त्रींनी एक दात बोटानं चाचपला, पात्याकडं बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. त्याच दुपारी त्यांनी नव्या पट्ट्या केल्या, शिसवाच्या त्याच खुंटीची जागा सरकवली, तिला परत घासलं, आणि संध्याकाळच्या आत एक पेटी पहिल्यासारखी टच्च जोडून ठेवली.

पण तेवढ्यात साहेबांची जीप आली होती आणि साहेबांनी खुळखुळा वाजवून बघितला होता.

"हे काय आहे?"

मालक म्हणाले, "मिस्त्रींचं वय झालं, साहेब. नजर ऱ्हायली न्हाय."

नजर! ज्या माणसाला केसभर फरक बोटाला कळत होता त्याची नजर!

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी मूग गिळून उभा राहिलो. घरी लेकरं होती, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. लेकरं तर मिस्त्रींनाही होती.

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

मिस्त्रींनी हत्यारं पोत्यात भरली. मग गाडीजवळ गेले, खुंटी पकडीनं ओढून काढली, धोतराच्या सोग्यात बांधली आणि रस्त्यावर जाऊन सोलापूरकडच्या ट्रकला हात केला. लतीफभाई इंजिन बंद करून बाहेर गेले आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत आत आले नाहीत.

* * *

पुढं सुधाकर मिस्त्री झाला! पहिली खुंटी सागाची केली. सैल. दुसरी बाभळीची. इतकी जाड, की हातोडा घातल्यावर फळी तेरखेड्याचा फटाका उडावा तशी फाटकन फुटली. तिसरी मी केली. खोटं कशाला सांगू, मनापासून केली. सहा दात छान बसले, सातव्याला ओढ आली, दहावा बसलाच नाही. धा केस!

साहेबांनी निरोप दिला, आठवड्यात जमलं नाही तर ऑर्डर सोलापूरला जाईल. मालकांचा चेहरा उतरला. मी धीर करून म्हणालो, "मालक, मिस्त्रींनाच बोलवू या. पात्याची चूक त्यांची नव्हती, तुम्हालाबी म्हाईत हाय."

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं धाडसाचं वाक्य. उशिरा आलं, पण आलं.

मालक माझ्यावर खेकसले, "मिस्त्री नको! खुंटी आण!"

लतीफभाई माझ्या कानाशी पुटपुटले, "हौला है रे. बैल छोड़ के रस्सी मंगता." हौला म्हणजे त्यांच्या बोलीत खुळा.

* * *

खुंटी आणायला मी एकटा गेलो तर मिस्त्री देणार नाहीत, म्हणून मालक स्वतः निघाले. साहेबांची जीप तुळजापूरवरून सोलापूरला जाणार होती, तिच्यातच आम्ही दोघं बसलो. वाटेत मालक काय बोलायचं ते जमवत होते. माफीचा शब्द एकदाही आला नाही. "म्हणावं, ती खुंटी शेडच्या लाकडाची हाय. माझी हाय."

तामलवाडीत भर दुपारी पोचलो. मिस्त्रींचं घर गावाच्या कडेला. दार लावलेलं, अंगणात कुणी नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "समदी रानात गेलीत. काढणी हाय."

साहेब जीपमध्येच, नाकाला रुमाल. मालक दारापाशी गेले. दाराला कुलूप नव्हतं. कडी कोयंड्यावर चढवून कोयंड्यात एक खुंटी खोचली होती. काळी, चौकोनी. एका अंगाला कुंकवाचा पुसट टिकला.

मी ती बघताक्षणी ओळखली.

मालकांनी खुंटी ओढली. निघेना. परत ओढली, हिसका दिला, तेव्हा निघाली. ती हातात धरूनच दार ढकललं, आत डोकावले, "मिस्त्री! ओ मिस्त्री!" अशा दोन हाका मारल्या. आत एक मांजर होतं, ते मालकांकडं बघून परत झोपलं. मालकांनी दार ओढून घेतलं, कडी चढवली आणि खुंटी कोयंड्यात बसवली. तळहातानं ठोकावी लागली.

"केवढी घट्ट बसती रे!" ते म्हणाले.

जीपमधून साहेब ओरडले, "मिळाली का?"

"न्हाय साहेब. माणूसच घरी न्हाय!"

जीप निघाली. फाटा आला. मालक माझ्याकडं वळले.

"गणपत, तू रोज बघत हुतास. कशी हुती रे ती खुंटी?"

मी म्हणालो, "काळी हुती, मालक."