पेटीतला फॉर्म

गुरुपादप्पा मास्तरांची गाण्याची शिकवणी लातुरात अशा बोळात होती, की खाली केमिस्ट्रीची बॅच, वर फिजिक्सची आणि मधल्या खोलीत हे सा लावून बसलेले. लोक हसायचे. हसू देत बापडे! पण टेस्टमध्ये मार्क गेले की क्लासची पोरं रडायला मास्तरांच्याच दारात यायची. मास्तर काही विचारत नसत, पाण्याचा तांब्या पुढं करत.

शिकायला येणारी पोरंही काही गाण्याच्या वेडानं येत नव्हती. गाण्याच्या ठरलेल्या परीक्षा पास झाल्या की दहावीला वाढीव गुण मिळायचे, आणि लातुरात अर्ध्या गुणासाठी माणसं देव पाण्यात घालून बसतात. मास्तर कुणाला नावं ठेवत नसत. येईल त्याला जीव लावून शिकवत.

ऋतुजा मात्र वेगळी निघाली. शिरूर अनंतपाळच्या अण्णारावांची ही लेक, शाळेसाठी लातुरात खोली करून राहिलेली. तिनं पहिल्यांदा सा लावला तेव्हा मास्तरांचा पेटीवरचा हात थांबला. असा आवाज त्यांनी त्याआधी एकदाच ऐकला होता, तोही स्वतःच्या घरात.

तो महानंदाचा, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचा. भूकंपाच्या साली ती चौदा वर्षांची होती. औशाकडच्या त्यांच्या गावात गणपतीच्या शेवटच्या दिवशी तिचं गाणं ठेवलं होतं. पोरगी म्हणाली, अप्पा, तुम्ही चला, नाहीतर मी जात नाही. मास्तरांना सकाळच्या शिकवण्या होत्या. एका रात्रीचा तर मुक्काम, म्हणून त्यांनीच समजूत घालून तिला काकासोबत बसमध्ये बसवलं. गाणं लई रंगलं म्हणे. पहाटे गावच राहिलं नाही. काय बोलायचं यावर? मास्तरही कधी बोलले नाहीत. फक्त त्यानंतर त्यांनी एकाही शिष्याला बाहेरगावी गायला पाठवलं नाही.

अण्णाराव मनाचा वाईट नव्हता. त्यानं सरळ सांगून ठेवलं होतं. तिसरी परीक्षा होऊ द्या, गुण पदरात पडू द्या, मग डॉक्टरकीच्या क्लासबरोबर आठवड्यातून दोन दिवस गाणं चालू ठेवू. न्हाई तर दहावीनंतर गाणं बंद. ऋतुजा त्या दोन दिवसांवर जीव टाकून बसली होती, आणि खरं सांगायचं तर मास्तर तिच्याहून जास्त.

आधीच्या दोन परीक्षा लातुरातच झाल्या. यंदा केंद्र नांदेडला पडलं. परीक्षा सकाळी आठला, म्हणजे आदल्या रात्री तिथं मुक्काम आला. फॉर्म मास्तरांनी सही करून पाठवायचा होता. त्यांनी सही केली, दोनदा पोस्टात टाकायला निघाले, दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परतले. शेवटी पेटीच्या खोक्यात, तळाच्या कापडाखाली त्यांनी तो ठेवून दिला. अण्णारावानं विचारलं तर म्हणाले, गेला. मुदत टळली त्या दिवशी त्यांना चक्क हलकं वाटलं, दोन घास जास्त गेले. अहो मास्तर, तुमच्या अकलेला काय म्हणावं! पोर जवळ राहावी म्हणून जे केलं, त्यानंच ती जाणार होती.

परीक्षा आठवड्यावर आली तरी बैठक क्रमांक आला नाही. अण्णारावानं नांदेडला फोन लावला, तेव्हा कळलं की फॉर्म पोचलाच नाही. तो ऋतुजाला घेऊन शिकवणीत आला. मास्तरांनी खोक्यातून फॉर्म काढून त्याच्या हातात दिला. अण्णाराव ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुमच्या भरवशावर राहिलो होतो, मास्तर," एवढंच तो म्हणाला.

मग पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांनी महानंदाचं नाव घेतलं. बस, मुक्काम, पहाट, सगळं सांगितलं. अण्णाराव भिंतीला टेकून खाली बसला. त्याची सख्खी आत्याही त्याच पहाटे गेली होती. त्यानं डोळे पुसले आणि हळूच सांगितलं की तुमचं दुःख मला समजतं, पण ठरलं ते ठरलं, आता गाणं बास.

ऋतुजानं वही पिशवीत घातली. मास्तरांच्या पाया पडली. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"मी परत आले असते, गुरुजी," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इथंच बसले असते."

त्या संध्याकाळी शिकवणी झाली. चार पोरं आली. मास्तरांनी सा दिला, चौघांनी लावला. मास्तर तसेच सुरावर बोट दाबून बसून राहिले, पाचव्या आवाजाची वाट बघत. भाता कधी थांबला तेही त्यांना कळलं नाही. मग एका पोरानं उठून तांब्या भरला आणि काही न विचारता त्यांच्यापुढं ठेवला.