फाट्यावरचा लाल रुमाल

मिलिंद गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं, सुजातानं केला, तेव्हा मी अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत होतो. "काका, बाबा सकाळी उठलेच नाहीत," एवढंच ती म्हणाली. मी फोन खिशात ठेवला आणि राहिलेली हवा भरून घेतली... का, ते मला अजून सांगता येत नाही. त्याला आता महिना होऊन गेला. या काळात त्याच्याविषयी पुष्कळ चांगलं बोललं गेलं. त्यात एक गोष्ट मात्र खोटी आहे, आणि तो गेल्यावर ती खोटी आहे हे ठाऊक असणारा मी एकटाच उरलो होतो.

धाराशिवच्या एकाच शाळेत आम्ही नोकरी केली. मी इतिहास शिकवायचो, तो खेळ. साऱ्या गावाला तो 'पीटी सर' म्हणूनच माहीत होता. निवृत्तीनंतर दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत तो पुण्या-सोलापूरकडची वीसेक माणसं घेऊन पाच दिवसांची सायकल सहल काढायचा. सोनारीच्या काळभैरवापासून निघायचं आणि तुळजापूर, नळदुर्ग करत उमरग्याला संपवायचं. सामानाला टेम्पो, मुक्काम कुठं शाळेत, कुठं मंगल कार्यालयात. माझं काम परंड्याच्या आणि नळदुर्गच्या किल्ल्यात तासभर बोलायचं आणि उरलेला वेळ सायकल मारायची. पासष्टी ओलांडलेली असूनही मी तरुणांच्या बरोबरीनं घाट चढायचो आणि तशी स्तुती ऐकायची मला सवय लागली होती, हेही इथंच सांगून टाकतो.

सोनारीला पहिल्या संध्याकाळी तो नव्या माणसांना समोर बसवायचा. "उद्या लई मजा येईल," तो सुरुवात करायचा. "परवा बूड असं दुखंल, की सायकल बघितली तरी राग येईल. तिसऱ्या दिवशी घरच्या माणसाशी फोनवर भांडाल, काही कारण नसताना. तवा शिव्या मला द्या, घरच्यांना नको. चौथ्या दिवशी पाय आपोआप फिरत्यात." कोणीतरी हमखास विचारायचं, "आणि पाचव्या दिवशी, सर?" "पाचव्या दिवशी घरी जावं वाटत न्हाय. त्याच्यावर माझ्याकडं औषध न्हाय." मग हसणं ओसरलं की कामाचं बोलायचा. तहान लागायच्या आधी पाणी प्या. नव्या चपला-बुटांचे प्रयोग इथं नकोत. दमलात तर टेम्पोत बसा, टेम्पोबी आपलाच हाय, त्यात लाज कसली. तो स्वतः कायम सगळ्यांच्या मागं असायचा. रस्ता माहीत असलेला माणूस पुढं नको का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "पुढच्याला रस्ता दिसतो, वसंता. मागच्याला माणूस लागतो."

त्यामुळं फाट्यांसाठी त्यानं एक रीत पाडली होती. सकाळी निघताना तो काही जणांना एकेक लाल रुमाल द्यायचा आणि कोणी कुठल्या फाट्यावर थांबायचं ते सांगायचा. त्या माणसानं रुमाल हातात धरून वळणावर उभं राहायचं आणि येणाऱ्यांना वाट दाखवायची. शेवटी मिलिंद स्वतः यायचा, त्याच्या हातातला रुमाल काढून घ्यायचा, मगच त्यानं जागा सोडायची. बाकीच्यांना एकच नियम होता... रुमाल दिसला तर वळा, नाही दिसला तर सरळ चला.

शेवटच्या सहलीत चौथ्या दिवशी नळदुर्ग सोडलं. हायवेवरचे ट्रक टाळायला आम्ही आतल्या रस्त्यानं जायचो. त्या रस्त्यावर एका फाट्याशी डावीकडं वळलं की ओळखीच्या शेतावर हुरडा ठरलेला, सरळ गेलं की थेट सोलापूर-हैदराबाद हायवे. तिथला रुमाल माझ्याकडं होता. "मी येईस्तवर हलू नको," मिलिंद म्हणाला होता. मी उभा राहिलो. एकेक जण वळत गेला. पुण्याचा एक तरुण जाताजाता म्हणाला, "काय सर, आज ट्रॅफिक हवालदार? हुरडा संपला तर आम्हाला बोलू नका." त्याचे सोबती हसले. मग बराच वेळ कोणी आलं नाही. ऊन चढलं होतं. सगळ्यांत शेवटी, दमलेल्या म्हाताऱ्यासारखं शेतावर पोचायचं माझ्या जिवावर आलं. सगळे गेलेच असणार, असं मी स्वतःला सांगितलं, रुमाल खिशात घातला आणि वळलो.

मागं एकाची सायकल पंक्चर झाली होती आणि मिलिंद तिथं थांबला होता. त्यानं पुण्याच्या अनघाताईंना एकटं पुढं पाठवलं होतं. त्या फाट्याशी आल्या, रुमाल दिसला नाही, म्हणून नियमाप्रमाणं सरळ गेल्या. हायवेवर एक ट्रक अगदी जवळून गेला, त्यांचा तोल गेला आणि खांद्याचं हाड मोडलं.

मिलिंद शेतावर पोचला तेव्हा माझ्या हातात हुरडा होता. अनघाताई कुठंयत म्हणून त्यानं विचारलं. त्या कोणालाच दिसल्या नव्हत्या. त्यानं टेम्पो शोधायला धाडला. मग तो तरुण म्हणाला, "पण फाट्यावर तर सर होते ना?" मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या खिशातून रुमालाचं टोक बाहेर आलेलं होतं. "म्याच फोन केला त्यांना," तो म्हणाला. "सगळे आले, निघा म्हणलं. माझीच चूक झाली." एरवी तो मला अरेतुरे करायचा. त्या दिवशी लोकांसमोर त्यानं मला 'त्यांना' म्हटलं. मी मान हलवली. तेवढ्यानं भागलं.

अनघाताईंना उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. त्यांचे यजमान आले आणि मिलिंदला नाही नाही ते बोलले. मी शेजारीच उभा होतो. पुण्याची माणसं यायची थांबली आणि सहल बंद पडली. "पीटी सरांना माणसं मोजता येत न्हाईत," असं चहाच्या टपरीवर पोरंसुद्धा बोलायची आणि तो हसून चहा प्यायचा. एकदा त्याच टपरीवर मी कसाबसा विषय काढला. म्हटलं, "मिलिंद, तो रुमाल अजून माझ्याकडं आहे." त्यानं कप खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे. पुढच्या सहलीला लागंल," म्हणाला आणि पावसापाण्याचं बोलायला लागला. पुढची सहल निघणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. मला वाटतं, मी चारचौघांत बोलावं म्हणून तो वाट पाहत होता... की ती मला दिलेली सूट होती? विचारायला हवं होतं.

शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "सरांच्या हातून एक चूक झाली असेल, पण माणूस मोठा." सुजाता पुढच्या रांगेत होती. तिनं मान खाली घातली. मी व्यासपीठावर होतो आणि गप्प बसलो.

हे छापायला देण्याआधी मी सुजाताला घरी जाऊन सांगितलं. तिनं चहा केला, पण माझ्यासमोर बसली नाही. मग अनघाताईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. मी कधीच उचलला नाही."

रुमाल इथं टेबलावर आहे. घडीच्या रेषांवर त्याचा रंग विटला आहे. रीत अशी होती की, मागून शेवटचा माणूस येईल आणि हातातून रुमाल घेईल, तोवर फाटा सोडायचा नाही. मी तो एकदा सोडला. आता उभा आहे.